जुनी मागे, नवी पुढे

"त्यात काय एवढं? जुन्या आणि नव्या, दोन्ही गाड्या एकाच लाइनवर चालवू की," असं जावईबापू भर मीटिंगमध्ये म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खोलीतला पंखा सोडला तर बाकी सगळं थांबलं आहे.

जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. ते शहरातल्या ट्राम कंपनीत वाहतूक नियोजक होते, म्हणजे कोणती गाडी कधी सुटेल, कुठे थांबेल आणि उशीर झाल्यावर कोणाला बोलणी बसतील हे ठरवणारे गृहस्थ. पण त्यांच्या सासूबाई त्यांच्याकडे राहायला आल्या (सासूबाई त्यांच्याकडे राहत, ते सासूबाईंकडे नव्हेत, हा खुलासा ते कोणत्याही नव्या माणसाला दुसऱ्याच वाक्यात करत) आणि एके सकाळी गॅलरीतून त्यांनी खणखणीत हाक मारली, "जावईबापू, डबा राहिला!" गॅलरीखाली ट्रामचा थांबा. थांब्यावर गाडी. गाडीत निम्मा डेपो. त्या दिवसापासून इमारतीत, डेपोत, आणि माणसाच्या अब्रूची काही चाड नसावी तसं मोठ्या साहेबांच्या केबिनमध्येही ते जावईबापू झाले.

तर मोठे साहेब, म्हणजे कंपनीचे महाव्यवस्थापक, चष्मा वर सरकवून म्हणाले, "जावईबापू, परत एकदा सांगा."

मामला असा होता. कंपनीने नव्या कोऱ्या गाड्या मागवल्या होत्या. बुटक्या, लांबलचक, आवाज न करणाऱ्या. त्यातल्या जेमतेम निम्म्या आल्या आणि उरलेल्या 'लवकरच' येणार होत्या. 'लवकरच' या शब्दाचा सरकारी अर्थ ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. म्हणून वरून बेत असा शिजला होता की सगळ्या नव्या गाड्या येईपर्यंत लाइन बंद ठेवायची, जुन्या गाड्या भंगारात काढायच्या आणि लोकांसाठी बस सोडायच्या. बसचा रस्ता गावाला वळसा घालून जाणारा. त्या बसने जाऊन माणूस वेळेवर कुठे पोहोचला तर तो आदल्या दिवशी निघाला असला पाहिजे.

"आपली वीज एकच, रूळ एकच, माणसं तीच," जावईबापू म्हणाले. "गाड्या दोन जातीच्या असल्या म्हणून काय बिघडतं?"

"आणि एखादी बंद पडली तर?" मोठ्या साहेबांनी विचारलं. "जुनीला जुनी ढकलते. नवीला नवी ढकलेल. पण नवीच्या मागे जुनी आली तर? दोघींचे जोड जुळत नाहीत. एक गाडी बंद म्हणजे सगळी लाइन बंद."

"तेही बघू," जावईबापू म्हणाले.

"कोण बघणार?"

या प्रश्नानंतर खोलीतले सगळे एकाच माणसाकडे का बघू लागले, हे जावईबापूंना त्या क्षणी कळलं नाही. बाहेर आल्यावर त्यांच्या हातात 'मिश्र गाड्या चालन, प्रायोगिक' असं लिहिलेली फाइल होती आणि फाइलवर एकच सही होती. त्यांची.

घरी त्यांनी बातमी छाती काढून सांगितली. बायको शाळेत गणित शिकवायची, तिने वह्या तपासता तपासता एवढंच विचारलं, "तुला कोणी सांगितलं होतं बोलायला?"

"तांत्रिकदृष्ट्या योग्य तेच बोललो."

सासूबाईंनी निवडायची भाजी पुढे ओढली. त्यांची धाकटी बहीण लाइनच्या शेवटच्या थांब्यासमोर शुश्रूषागृहात होती. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिला तिथे ठेवावं लागलं होतं. सासूबाई रोज दुपारी ट्रामने तिच्याकडे जात, तिच्या उशाशी बसून जगातल्या यच्चयावत माणसांची निंदा करत आणि दोघी बहिणी ताज्यातवान्या होत. सासूबाईंच्या गुडघ्यांना बसचा वळसा झेपला नसता. पण हे जावईबापूंनी मीटिंगमध्ये काढलं नव्हतं, आणि घरी तर मुळीच काढलं नाही. सासूसाठी रूळ बदलणारा जावई अशी कीर्ती झाली असती तर डेपोत तोंड दाखवायला जागा उरली नसती.

पहिली अडचण थांब्यांची. नव्या गाड्यांना पायऱ्याच नाहीत म्हणून त्यांच्यासाठी फलाट थोडे उंच केलेले. जुन्या गाडीची पायरी बाहेर उघडते, ती या उंच फलाटावर आपटायची आणि अडकायची. मग दार उघडेना आणि माणसं आतून उतरलेल्या चेहऱ्याने बाहेर बघत पुढच्या थांब्यावर जायची. जावईबापूंनी यावर खरोखर उत्तम तोडगा काढला. फलाटाचा पुढचा अर्धा उंच, मागचा अर्धा सखल. नवी गाडी पुढे थांबेल, जुनी मागे. आणि प्रवाशांना कळावं म्हणून प्रत्येक थांब्यावर ठळक पाटी लावली: 'जुने मागे, नवे पुढे'.

दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक घरी आले. सोबत ज्येष्ठ नागरिक संघाचे तिघे.

"जावईबापू, आम्ही मागे?"

"कोण मागे?"

"पाटी काय म्हणते? जुने मागे! अहो, आयुष्यभर कर भरला, आणि आता थांब्यावर मागे उभं राहायचं?"

"प्राध्यापकसाहेब, ते गाड्यांबद्दल आहे."

"गाडी स्त्रीलिंगी!" प्राध्यापक कडाडले. "जुनी मागे, नवी पुढे असं हवं. जुने म्हणजे आम्हीच!"

व्याकरणापुढे तंत्रज्ञानाचं काही चालत नाही. पाट्या बदलल्या. मात्र त्याने दुसरा पक्ष दुखावला. तळमजल्यावर कपडे शिवून देणाऱ्या बाई राहत. त्यांच्या दारासमोरच थांबा. त्यांनी खिडकीतून सांगितलं की नव्या पाटीवरून थांब्यावर दोन जावांचं कडाक्याचं भांडण झालं, थोरलीला वाटलं धाकटीनेच ती लावली. शेवटी पाटीवर गाड्यांचे रंग घातले: 'पिवळी मागे, निळी पुढे'. यात कोणाचाच अपमान नव्हता. फक्त जाहिरात खात्याने त्याच आठवड्यात सगळ्या जुन्या गाड्यांना टूथपेस्टची जाहिरात गुंडाळली आणि पिवळी गाडी चाकापासून छपरापर्यंत पांढरीशुभ्र झाली. लोक पिवळ्या गाडीची वाट बघत उभे, आणि पांढरी येऊन हसऱ्या दातांनिशी निघून जायची.

पहिल्या मजल्यावर दाताचे डॉक्टर होते. ते म्हणाले, "त्यात माझ्या दवाखान्याचा पत्ता टाकता येईल का?"

हे सगळं पार पडून गाड्या एकदाच्या नीट थांबू लागल्या, तेव्हा जावईबापूंनी वेळापत्रक आखलं: एक जुनी, एक नवी, एक जुनी, एक नवी. कागदावर ते इतकं देखणं दिसत होतं की त्यांनी ते बायकोला दाखवलं. तिने पाहिलं आणि म्हणाली, "लोक नवीसाठी थांबतील."

"गणितात लोक धरत नाहीत."

"म्हणूनच मुलं नापास होतात," ती म्हणाली.

आणि लोक थांबले. जुनी गाडी यायची, रिकामी जायची. मागून नवी यायची, तिच्यावर सगळा थांबा तुटून पडायचा. दार लागायचं नाही. गाडीतला गोड आवाज म्हणायचा, "कृपया दारापासून दूर राहा," आणि दारातला माणूस म्हणायचा, "मग तूच ये इकडे." तेवढ्यात मागची रिकामी जुनी गाडी भरधाव येऊन नवीच्या मागे उभी राहायची आणि घंटा बडवायची. एखाद्या दुपारी तर लाइनवरच्या झाडून सगळ्या गाड्या एकामागोमाग एक, लग्नाला निघाल्यासारख्या ओळीने चालल्या होत्या आणि बाकीच्या शहरात चिटपाखरू नव्हतं.

जुन्या गाडीवर एक ड्रायव्हरबाई होत्या. खांदे भरलेले, आवाज घंटेच्या वरचढ. त्या केबिनमधून ओरडल्या, "जावईबापू, माझ्या गाडीत एकच माणूस आहे, आणि तीसुद्धा तुमची सासू!"

कारण सासूबाई नव्या गाडीत पाऊल टाकायला तयार नव्हत्या. पायऱ्या नसल्या तरी. "गाडीने बोलू नये," असं त्यांचं मत होतं. "मी कुठे उतरायचं ते मला माहीत आहे. तिने मला का सांगावं?"

पण जावईबापूंचा आत्मविश्वास काही कमी झाला नव्हता. एकेक गाठ सुटत होती. राहिला होता तो मोठ्या साहेबांचा प्रश्न, एकमेकींना ढकलायचा. त्यासाठी एक मधला जोड हवा होता: लोखंडाचा जाडजूड दांडा, एका टोकाला जुन्या गाडीची मूठ, दुसऱ्या टोकाला नवीची. जावईबापूंनी स्वतः मापं घेतली, चित्र काढलं, बाहेरच्या कारखान्यातून घडवून आणला. चौघांनी उचलावा असा तो ऐवज डेपोच्या भांडारात पोहोचला आणि भांडारप्रमुखांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं,

"हा कोणाचा?"

"आपला. कंपनीचा."

"ते झालं. जुन्या गाड्यांच्या खात्यात घालू की नव्यांच्या?"

"दोन्हींच्या मधला आहे हो तो."

"मध्ये खातं नाही."

"मग कोणत्याही एकात घाला."

"जुन्यात घातला तर नवेवाले म्हणतील, आमच्या गाडीला परक्याचं लोखंड लावलं. नव्यात घातला तर हमी रद्द होते. तुम्ही वरून लिहून आणा."

वर जावईबापू गेले. वरच्यांनी बाजूला पाठवलं. बाजूच्यांनी खाली. खालच्यांनी सांगितलं की असा प्रश्न पूर्वी कधीच उद्भवला नसल्याने त्याचं उत्तर देण्याची पद्धत नाही. दरम्यान भांडाराच्या दारात तो दांडा आडवा पडलेला, येणाजाणाऱ्याच्या नडग्या फोडत. भांडारप्रमुखांनी निर्वाणीचं सांगितलं, "बेवारस माल संध्याकाळी भंगाराच्या गाडीत जातो."

त्या संध्याकाळी कंपनीच्या टेम्पोतून जावईबापू आपल्या इमारतीपाशी उतरले. पाठोपाठ दांडा उतरला. तो वर नेणं शक्य नव्हतं, म्हणून जिन्याखालच्या बोळात ठेवला.

इमारतीत मतं मांडण्याला तोटा नव्हता. प्राध्यापकांनी सामायिक जागेच्या वापराबद्दल मौखिक निषेध नोंदवला आणि रोज सकाळी पेपर वाचायला त्याच दांड्यावर बसू लागले. डॉक्टरांचे पेशंट त्यावर रांगेने बसत. शिवणवाल्या बाईंनी त्यावर कापड वाळत घातलं. सासूबाईंचा अंगठा दोनदा ठेचला.

"लोकांचे जावई फ्रीज आणतात," त्या म्हणाल्या.

"हा महत्त्वाचा भाग आहे, सासूबाई."

"कशाचा?"

ज्याला खातं नाही तो कशाचा भाग हे सांगणं खरंच कठीण होतं.

आणि मग तपासणीचा दिवस आला. मोठे साहेब स्वतः लाइनवरून फिरणार आणि त्याच दिवशी ठरवणार: मिश्र गाड्या चालू की लाइन बंद. जावईबापूंनी पांढरा शर्ट घातला. बायकोने शाळेला जाता जाता कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "काही झालं तरी 'त्यात काय एवढं' म्हणू नकोस."

मोठे साहेब नव्या गाडीत बसले. सोबत अधिकाऱ्यांचा लवाजमा. सुरुवात झकास झाली. थांबे वेळेवर येत होते, पायरी अडकत नव्हती. मोठे साहेब दोनदा "बरं" म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून हा शब्द म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा पोवाडा. गाडी जावईबापूंच्या इमारतीसमोरच्या चढावर आली. वर चढणाऱ्या दुसऱ्या एका जुन्या गाडीने त्याच क्षणी जोर लावला, तिने तारेतली वीज ओढली, आणि नव्या गाडीतला संगणक, जो मुळातच नाजूक प्रकृतीचा, एवढ्याशा झटक्याने आडवा झाला. दिवे गेले. गोड आवाज म्हणाला, "गैरसोयीबद्दल क्षमस्व," आणि तोही गेला.

ड्रायव्हरने सगळी बटणं दाबून पाहिली. गाडी ढिम्म.

मोठे साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारला होता."

मागे घंटा खणाणली. ड्रायव्हरबाईंची जुनी गाडी येऊन उभी राहिली होती. तिच्या पहिल्या खिडकीत सासूबाई.

क्षणभर जावईबापूंच्या मनात असं आलं की उतरावं, घरात जावं आणि पांघरूण घेऊन झोपावं. घर तसं समोरच होतं. पण पुढच्याच क्षणी ते गाडीतून उतरले आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून, आयुष्यात प्रथमच सासूबाईंच्या पट्टीत ओरडले, "प्राध्यापकसाहेब! उठा त्या दांड्यावरून!"

इमारत धावली. प्राध्यापकांनी एक टोक धरलं. दुसऱ्या टोकाला डॉक्टर, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा पेशंट, ज्याचा अर्धा जबडा बधिर होता आणि म्हणून तो "हं हं" एवढंच म्हणत होता, पण जोर मात्र सगळ्यात जास्त लावत होता. शिवणवाल्या बाई पुढे होऊन रहदारी थांबवत होत्या. प्राध्यापक प्रत्येक पावलाला "हळू, पाठीचा मणका!" म्हणत होते. कोणाच्या, ते कळलं नाही.

ड्रायव्हरबाई खाली उतरल्या. जावईबापू दोन गाड्यांच्या मध्ये गुडघ्यांवर बसले. जुन्या गाडीकडची मूठ खट्टकन बसली. नवीकडची बसेना.

"माप चुकलं वाटतं," वरून कोणीतरी अधिकारी म्हणाला.

"माप चुकलेलं नाही," जावईबापू खालून म्हणाले. आवाजात एवढी जरब होती की तो अधिकारी पुन्हा दिवसभर बोलला नाही. "गाडी चढावर कललीय. बाई, तुमची गाडी अंगठाभर पुढे घ्या."

"अंगठाभर? ही ट्राम आहे, सुई-दोरा नव्हे."

"तुम्ही घ्याल."

ड्रायव्हरबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, वर चढल्या, आणि ते अवजड धूड अंगठाभर पुढे सरकलं. मूठ बसली. जावईबापूंनी खिळा ठोकला आणि उठले तेव्हा शर्टाचा पांढरा रंग फक्त काखेत शिल्लक होता.

ढकलल्या जाणाऱ्या गाडीत प्रवासी ठेवायचे नाहीत असा नियम. त्यामुळे मोठ्या साहेबांना लवाजम्यासकट उतरून मागच्या जुन्या गाडीत बसावं लागलं. नवीतले बाकीचे प्रवासी आधीच तिथे घुसले होते, त्यामुळे रिकामी जागा एकच होती, सासूबाईंच्या शेजारी. नवीच्या ड्रायव्हरने हाताने ब्रेक सोडले, जुनीने हुंकार भरला आणि दोन्ही गाड्या सावकाश चढ चढू लागल्या. मागे इमारतीने टाळ्या वाजवल्या.

"तुम्ही कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"मी महाव्यवस्थापक."

"म्हणजे लाइन बंद करायला निघालेले ते तुम्हीच."

"तसं अजून ठरलेलं नाही—"

"ठरवूही नका. माझी बहीण शेवटच्या थांब्यावर आहे. अर्धं अंग गेलंय तिचं. मी गेले नाही तर जेवत नाही. तुमची बस मला तिच्याकडे नेईपर्यंत तिचं जेवण गार होईल आणि मी थिजेन. आणि जरा सरकून बसा, माझा गुडघा आहे तिकडे."

मोठे साहेब सरकले. मग छताच्या कडीला धरून उभ्या असलेल्या, वंगणाने माखलेल्या आपल्या नियोजकाकडे वळून म्हणाले, "जावईबापू, हे बहिणीचं तुम्ही मीटिंगमध्ये बोलला नाहीत."

"तो तांत्रिक मुद्दा नव्हता, साहेब."

सासूबाईंनी झटकन मान वर करून जावयाकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि ज्यांनी कधी बोलण्याची संधी सोडली नव्हती त्या सासूबाईंनी ते तसंच मिटलं. पिशवीतून रुमाल काढला आणि त्यांच्या हातात दिला. "तोंड पुसा. काळं झालंय," एवढंच म्हणाल्या.

शेवटच्या थांब्यावर शुश्रूषागृहाच्या फाटकात चाकांच्या खुर्चीवर धाकटी बहीण वाट बघत होती. दोन गाड्या एकमेकींना चिकटून येताना पाहून तिच्या चेहऱ्याची चालती बाजू प्रश्नार्थक झाली.

"आज उशीर?" तिने अडखळत विचारलं.

"अगं, आज जावयांनी स्वतः ढकलत आणलंय," सासूबाई म्हणाल्या, आणि खुर्ची वळवून आत जाता जाता मोठ्या साहेबांच्या चालण्यापासून बुटांपर्यंत सगळ्याची निंदा सुरू केली.

मोठे साहेब फलाटावर उभे राहिले. "लाइन चालू राहील," साहेब म्हणाले. "दोन्ही गाड्यांसकट. आणि तो दांडा भांडारात घ्या."

"पण साहेब, मध्ये खातं—" दुसरा एक अधिकारी चाचरला.

"उघडा."

बंद पडलेली नवी गाडी बाजूच्या रुळावर लोटली गेली. एव्हाना मागून आणखी गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या, एक पांढरी, एक निळी, त्यामागे पुन्हा पांढरी, आणि फलाटावर परतीची गर्दी जमली होती. काही पुढे उंच भागावर, काही मागे सखल भागावर, बरेचसे मध्ये, दोन्हीकडे माना वळवत. थांब्यावरचा गाड्या सोडणारा कर्मचारी घामाघूम होऊन धावत आला.

"जावईबापू, निम्मे म्हणतायत नवी सोडा, निम्मे म्हणतायत जुनी. कोणती सोडू?"

जावईबापूंनी रुमालाने हात पुसले. पहिल्या गाडीच्या केबिनकडे बघून मान हलवली, आणि भोंग्याची गरज पडू नये अशा आवाजात, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"जी समोर उभी आहे ती. बसा, चला!"

आणि लोक बसले.